सात वर्षांनी बारसं

मृगाचा पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत डोंबिवली स्टेशनाबाहेर फोडशी येते. मुरबाड, कर्जत, बदलापूरकडच्या आदिवासी बायका ती डोंगरातून खुडून आणतात आणि पुलाच्या पायथ्याशी फडकं पसरून बसतात. जुडी लांबून पाहिली तर गवतच वाटावं. लांब, अरुंद, गुळगुळीत पानं, बुडाशी पांढरी, पातीच्या कांद्यासारखी. बुडखे कापायचे, मधला चिवट दांडा काढून टाकायचा आणि तीन पाण्यांनी धुवायची, कारण पानांच्या बेचक्यात माती दडून बसलेली असते. मग बारीक चिरून कांदा, लसूण आणि भिजवलेली मूगडाळ. गेली चाळीस वर्षं आमच्या घरी पावसाळा असाच सुरू होतो.

हीच भाजी कुणी ‘कुलू’ म्हणून मागतं, कुणी ‘काल्ला’ म्हणून. काष्ठौषधीच्या दुकानात या घराण्याची वाळलेली मुळं ‘सफेद मुसळी’ या नावानं मिळतात. खरं तर ही दोन-तीन भावंडं आहेत आणि बाजार त्यांना सरसकट एकाच नावानं हाक मारतो. त्यांतल्या एका भावंडाचं शास्त्रीय नाव मला पन्नाशीत कळलं आणि मी थबकले. क्लोरोफायटम बोरिविलियानम. बोरिविलियानम, म्हणजे बोरिवलीचं!

पश्चिम रेल्वेच्या इंडिकेटरवर वाचायचं नाव लॅटिन होऊन एका भाजीला चिकटलं होतं. गेल्या शतकाच्या पन्नाशीत फादर सांतापाव आणि फर्नांडिस या दोघांनी ते दिलं. सांतापाव मूळचे स्पेनचे, जेझुइट धर्मगुरू. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. बोरिवलीच्या जंगलाचं ठाण्याकडचं अंग म्हणजे येऊर. नाव कळलं त्यानंतरच्या श्रावणात तिथे गेले तेव्हा पायवाटेच्या कडेला ती पांढरी, चांदणीसारखी फुलं दिसली आणि मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले. इतकी वर्षं जिला चिरून फोडणीला टाकत आले, तिला फुलं येतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या गॅलरीतल्या एका कुंडीला मी नाव दिलं आहे, आणि ते द्यायला मला सात वर्षं लागली.

माझा नाद पानांचा. फुलं सगळ्यांनाच आवडतात, मलाही आवडतात, पण पानावरचा पट्टा, कडेची रेघ, हिरव्यात उतरलेला पिवळा रंग यांत माझा जीव जास्त रमतो. 2014मध्ये भाच्याकडे न्यू जर्सीला गेले होते. एप्रिलअखेर त्याच्या परसात, कालपर्यंत जिथे काहीच नव्हतं तिथे, जमिनीतून जांभळट भाले वर आले होते. आठवड्याभरात ते भाले उलगडले आणि अळवाच्या पानांची आठवण यावी अशी भरदार, शिरा उठून दिसणारी पानं पसरली. काहींची कड पांढरी, काहींचं मधलं पोट पिवळं. त्या झाडाचं नाव होस्टा. तिकडच्या सावलीतल्या बागांचा हा राजा, आणि हरणांचा आवडता घास. भाचा रोज सकाळी आधी हरणांनी काय खाल्लं ते बघायचा आणि मग चहा घ्यायचा.

होस्टा आणि फोडशी एकाच कुळातली, शतावरीच्या कुळातली, हे मला तिथेच कळलं. जपानात होस्टाचे कोवळे कोंब वसंतातली भाजी म्हणून खातात, तिला ‘उरुई’ म्हणतात. म्हणजे तिकडच्या बायकाही हंगामाच्या सुरुवातीला याच कुळाची कोवळी पानं निवडत बसत असणार. होस्टा हे नाव ऑस्ट्रियाच्या निकोलाउस होस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञावरून 1812 साली पडलं. जपानी लोक त्याला म्हणतात ‘गिबोशी’. लाकडी पुलाच्या कठड्यावर खांबाच्या डोक्याशी कांद्याच्या आकाराचा कळस असतो, तो गिबोशी. होस्टाची कळी तशीच दिसते म्हणून. मला हे दुसरं नाव जास्त पटतं. ज्यानं ते झाड रोज पाहिलं, त्यानं ते दिलेलं आहे.

परत आल्यावर एका रोपवाटिकेतून होस्टाचा गड्डा आणला होता. ‘इथे छान येतो’ असं सांगून त्यांनी तो दिला. पहिल्या पावसाळ्यात चार पानं आली, दुसऱ्या उन्हाळ्यात गड्डा मऊ पडला. होस्टाला दर वर्षी काही आठवडे थंडीत गाढ झोप लागते, त्याशिवाय त्याला पुढच्या वर्षाची उभारी येत नाही. डोंबिवलीच्या जानेवारीत ती झोप कुठून मिळणार? त्या गड्ड्याचं मला आजही वाईट वाटतं. पण होस्टानं मला जे शिकवलं ते त्याच्याच एका चुलत भावंडावर उपयोगी पडलं. तेही शतावरीच्याच कुळातलं, पण मूळचं आफ्रिकेतलं, उकाड्याला न भिणारं. आपण ज्याला स्नेक प्लांट म्हणतो ते.

ते माझ्याकडे आलं 1996मध्ये, लोकलमध्ये.

फोर्टातल्या एका कार्यालयात मी चौतीस वर्षं नोकरी केली. लेडीज डब्यात काय काय हातांतून हातांत जायचं! निवडलेला लसूण, लोकरीचे गुंडे, मुलींच्या पत्रिका आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या. माझी निम्मी बाग त्या डब्यात उगवलेली आहे. कुंड्यांची नावंही तशीच पडली. ठाकुर्लीची जास्वंद, मुंब्र्याची तुळस, कळव्याची ब्राह्मी. बाईचं नाव माहीत नसायचं, स्टेशन माहीत असायचं.

संध्याकाळच्या धीम्या गाडीत एक मावशी भेटायच्या. दिव्याला उतरायच्या. आम्ही सगळ्या त्यांना दिवावाल्या मावशी म्हणायचो. दिवा येण्याआधी उठून त्या आपली जागा मला द्यायच्या, ‘बसा हो, डोंबिवलीपर्यंत तरी पाय टेका’ म्हणत. एकदा उतरताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं.

“पाणी बेतानं घाला. हे उन्हानं मरत नाही, विसरलात तरी मरत नाही. लाडानं मरतं.”

घरी येऊन उघडलं तर हिरव्यावर गडद नागमोडी पट्टे आणि दोन्ही कडांना बोटभर पिवळी किनार असलेलं, वीतभर उंचीचं एक पिल्लू, मुळासकट. काँगोतून बेल्जियमचे एमिल लोराँ यांनी पुढे आणलेला हा प्रकार, त्यांच्याच नावावरून त्याला ‘लॉरेंटी’ म्हणतात. हे सगळं मला फार नंतर समजलं. त्या दिवशी ते फक्त दिव्याचं झाड होतं.

वर्षा-दोन वर्षांत कुंडी भरली. उत्साहानं मी एक मोठं पान कापलं, त्याचे चार तुकडे केले, दोन दिवस सावलीत सुकवले आणि वाळूत खोचले. तीन महिन्यांनी प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी पिल्लू आलं. चारही पिल्लं नुसती हिरवी! किनार गायब. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. आपल्या हाताला काही गुण नाही असं वाटून मी कितीतरी दिवस हिरमुसले होते.

कारण कळलं तेव्हा मात्र त्या झाडाबद्दलचा आदर दुणावला. झाडाच्या वाढत्या टोकाशी पेशींचे पदर असतात, घडीच्या पोळीसारखे, एकावर एक. आपल्या या झाडात वरच्या पदरातल्या पेशी हिरवेपण हरवून बसलेल्या असतात आणि आतला पदर हिरवा असतो. पानाची कड वरच्या पदरातून घडते म्हणून ती पिवळी. पण कापलेल्या पानाच्या तुकड्याला जे नवं पिल्लू फुटतं, ते आतल्या पेशींतून नव्यानं जुळतं. त्याला तो पदरांचा रचलेला डाव ठाऊक नसतो. म्हणून किनार हवी असेल तर पान लावायचं नाही. जमिनीखालून जे खोड सरकत जातं, त्यालाच फुटलेलं पिल्लू मुळांसकट तोडून लावायचं. होस्टाचंही असंच, गड्डाच विभागावा लागतो. दिवावाल्या मावशींनी मला पानाचा तुकडा न देता मुळासकट पिल्लू दिलं होतं. पुस्तकातलं त्यांना ठाऊक असेल-नसेल, हाताला पक्कं ठाऊक होतं.

कधीमधी हे पदर आपणहून जागा बदलतात. होस्टाच्या जगातले कितीतरी नामांकित प्रकार असेच जन्मले. इंग्लंडमध्ये एरिक स्मिथ यांनी तयार केलेला ‘हॅल्सियन’ नावाचा निळसर होस्टा आहे. त्याची रोपं प्रयोगशाळेत वाढवताना एकाचं पोट पिवळं निघालं, निळसर-हिरवी कड तेवढी राहिली. 1991मध्ये ते ‘जून’ या नावानं नोंदलं गेलं आणि आज जगभरातल्या बागांत आहे. हजार रोपांतलं एक वेगळं निघणं हा निसर्गाचा भाग झाला. त्या एकापाशी कुणाची तरी नजर थांबली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

माझ्याकडेही जूनच होता, 2016चा. सकाळी कुंड्यांमधली वाळलेली पानं काढत होते. दिव्याच्या कुंडीत एका कोपऱ्याला नवा कोंब वर आला होता, तपकिरी, कागदासारख्या पापुद्र्यातून बाहेर पडलेला. त्याची कड हिरवी होती. मला वाटलं, हे पिल्लू पुन्हा हिरव्यावर गेलं, काढून टाकावं. हात पुढे केला आणि पान जरा बाजूला सारलं तर आत, अगदी मधोमध, सायीच्या रंगाचा एक पट्टा. बुडापासून टोकापर्यंत. खाली दोन बोटं रुंद, वर निमुळता होत टोकाशी संपणारा. त्यावरही ते गडद नागमोडी पट्टे होतेच, पण सायीवर ते फिके, पाण्यात पडलेल्या सावलीसारखे दिसत होते. पिवळी किनार आत गेली होती आणि आतला हिरवा बाहेर आला होता. पोळी उलटली होती.

मी घरात कुणाला हाक मारली नाही. तशीच बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही मोजायचं राहून गेलं.

लगेच नाव देऊन टाकावं असा मोह झालाच. बागवानांच्या मंडळींत वेगळं पान दिसलं की दुसऱ्या दिवशी त्याला नाव असतं आणि तिसऱ्या दिवशी किंमत. मला हे पटत नाही. नाव देणं म्हणजे एक शब्द देणं आहे: हे झाड असंच राहील, उद्या कुणी याच नावानं मागितलं तर त्याला हेच मिळेल. आणि हे पिल्लू असंच राहील की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं?

राहिलं नाहीच आधी. मधला भाग फिका, म्हणजे अन्न बनवणारा हिरवा कमी, म्हणून वाढ मंद. त्याला पहिलं पिल्लू 2018मध्ये आलं, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, आणि ते निखळ हिरवं निघालं. दुसरं आलं ते आख्खं पिवळं. दिसायला इतकं सुंदर की येणारा-जाणारा तेच मागायचा. पण त्यात हिरवा कणही नाही. आईच्या मुळावर आहे तोवर जगतं, तोडलं की उपाशी मरणार. ते मी कुणाला दिलं नाही. 2019च्या पावसात गॅलरीत झड आत आली, मी लेकीकडे होते आणि त्या पिवळ्या पिल्लासकट अर्धी कुंडी कुजली. मावशींचं वाक्य त्या दिवशी पुन्हा ऐकू आलं. चाकू तापवून कुजका भाग कापला, राख लावली, चार दिवस कोरडं ठेवलं आणि नव्या कुंडीत वीट-चुऱ्यात लावलं. वाचलं.

मग टाळेबंदी आली. 2020च्या पावसाळ्यात, सगळं जग घरात बसलेलं असताना, त्याला एक पिल्लू आलं आणि ते आईसारखं होतं. 2022ला दुसरं, तसंच. 2023च्या जुलैत तिसरं. तिन्हींच्या मधोमध सायीचा पट्टा, तिन्हींची कड हिरवी. आणि पहिल्या पिल्लाला आलेली नात, तीही तशीच.

आपल्याकडे वनस्पतींच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा 2001 सालचा. वाण नोंदवायचा तर तो इतरांहून वेगळा हवा, एकसारखा हवा आणि पिढ्यांमागून पिढ्या स्थिर हवा, अशी त्यात अट आहे. माझ्या चार कुंड्यांसाठी मी काही कायद्याच्या दारात जाणार नव्हते. पण या तीन शब्दांत आमच्या नादाचा सगळा धर्म आला आहे असं मला वाटतं. असं फिरलेलं पान जगात दुसऱ्या कुणाच्या गॅलरीत कधी निघालंच नसेल, असा माझा दावा नाही. डोंबिवलीत मी तरी पाहिलेलं नाही.

आता नाव द्यायला हरकत नव्हती. बागेतल्या वाणांच्या नावांचे जगभर मानले जाणारे नियम आहेत. 1959नंतर दिलेलं नाव लॅटिन चालत नाही, लोकांच्या बोलीतलं हवं. तीस अक्षरांहून मोठं नको. आणि मला सर्वांत आवडलेला नियम: दुसऱ्या भाषेत जाताना त्या नावाचं भाषांतर करायचं नाही. लिपी बदला, नाव तेच ठेवा.

मी नावांच्या कथा गोळा करू लागले. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जेमतेम दीड एकराचे धनी. 1983मध्ये ‘पटेल 3’ भाताच्या शेतात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि बारीक, चवदार दाण्याचा वाण तयार केला. त्याला नाव मात्र दादाजींनी दिलं नाही. तो बाजारात गेला तेव्हा एचएमटीची मनगटी घड्याळं जोरात होती, व्यापाऱ्यानं तेच नाव पोत्याला दिलं. आज घरोघरी ‘एचएमटी’ शिजतो आणि शिजवणाऱ्यांतल्या फार थोड्यांना दादाजी ठाऊक असतात. 2018मध्ये ते गेले. तो तांदूळ वैरताना मला दर वेळी हळहळ वाटते. ज्या डोळ्यांना त्या तीन लोंब्या दिसल्या, त्या डोळ्यांचं नाव कुठे तरी उरायला हवं होतं.

अशी उरलेली नावंही आहेत. आंबा घाटाकडे फुलणारी सोनघंटा, तिच्या शास्त्रीय नावात रानडे आहेत. पुण्याच्या कॉलेजात वनस्पतींचे वाळवलेले नमुने सांभाळणारे रानडे. त्यांच्या नावानं 1894मध्ये ते झाड जगाला माहीत झालं. सह्याद्रीतल्या एका कंदीलपुष्पाच्या नावात सांतापाव आहेत आणि 2023मध्ये विशाळगडावरच्या नव्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव मिळालं. ज्या वर्षी मी नाव शोधत होते, त्याच वर्षी.

घरात सुचवण्या झाल्या. लेक म्हणाली, आई, तुझंच नाव दे. जावई म्हणाले, ‘डोंबिवली क्रीम’ द्या. नातवानं पट्ट्याकडे पाहून ‘मलई’ म्हटलं, ते मला खरोखर आवडलं होतं. पण झाड माझं नव्हतं. मी ते सांभाळलं, कुजताना वाचवलं, थांबले, हे सगळं खरं. तरी ते ज्या हातातून आलं, त्या हातानं मुळासकट पिल्लू तोडून दिलं नसतं तर पोळी उलटायला पदरच उरले नसते. आणि मावशींचं नाव मला माहीत नाही. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवपर्यंत त्या दिसत होत्या. मग दिसेनाशा झाल्या. एवढ्या वर्षांत, रोज पाऊण तास शेजारी उभं राहूनही, मी त्यांना कधी विचारलं नाही. याची टोचणी मला आहे.

तेव्हा मी त्यांचं स्टेशन दिलं. ‘दिवा’.

लिहून पाहिल्यावर लक्षात आलं की मधला सायीचा पट्टा समईच्या ज्योतीसारखाच आहे, बुडाशी रुंद, टोकाशी निमुळता. हे मी ठरवलं नव्हतं. भाच्याला कळवलं तर तो म्हणाला, मावशी, इंग्रजीत ‘व्ही’ घालून लिहिलंस तर इथले लोक ‘डीव्हा’ वाचतील, गाणाऱ्या बाया असतात ना, तसं. मग आम्ही ‘डब्ल्यू’ घालायचं ठरवलं.

दह्याच्या डब्याची झाकणं कापून मी पट्ट्या करते आणि शिसपेन्सिलीनं नाव लिहिते. शाईचं पेन दोन उन्हाळ्यांत उडून जातं, शिसं टिकतं. ‘दिवा’ अशा तीन पट्ट्या तीन कुंड्यांत आहेत. एक पिल्लू दिव्यालाच द्यायचं आहे. तिथे आमच्या जुन्या डब्यातली एक मैत्रीण राहायला गेली आहे, तिच्या गॅलरीला सकाळचं ऊन येतं.

या जूनमध्ये मोठ्या कुंडीत आणखी एक कोंब वर आला आहे. अजून पापुद्र्यातच आहे, बोटभर, गच्च मिटलेला, वरून नुसती हिरवी पाठ दिसते. त्याच्याजवळ मी पट्टी खोचली आहे, कोरी. पान उलगडायला अजून दोन-तीन आठवडे लागतील.